उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये लावू नका

उतारावर मोटारसायकल लावायची तर न्यूट्रलमध्ये लावावी, हँडल लॉक करावं आणि खुशाल निघून जावं, असं छातीठोकपणे सांगणारे लोक गल्लोगल्ली भेटतात. त्यांत अर्धं आयुष्य गाडीवर काढलेले असतात, गॅरेजवाले असतात, वाहनतळावर पावत्या फाडणारे असतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: गाडी गिअरमध्ये ठेवली की गिअरबॉक्सवर ताण येतो. हँडल लॉक असलं की गाडी कुठे जात नाही. तोंड उताराकडे असलेलं बरं, म्हणजे निघताना त्रास नाही. आणि एवढं करून गाडी पडलीच, तर आरसा फुटेल, इंडिकेटर जाईल, त्यात काय एवढं? यातलं एकही म्हणणं टिकणारं नाही. शेवटचं तर चीड आणणारं आहे, कारण उतारावरून सुटलेली गाडी दर वेळी मालकाच्याच पायावर पडते असं नाही.

आधी उताराचा जोर किती असतो ते पाहू. स्प्लेंडरचं वजन ११२ किलोच्या आसपास, रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० चं १९५ किलोच्या आसपास. डोंगराळ भागातला रस्ता आखताना इंडियन रोड्स काँग्रेस नेहमीचा चढ म्हणून २० मीटरला १ मीटर हे प्रमाण धरते. डोळ्यांना तो धड चढ वाटतही नाही. पण एवढ्याशा चढावर उभ्या असलेल्या क्लासिकला जवळजवळ १० किलोचा जोर खाली ओढत असतो. रस्ता १० ला १ इतका चढा असेल, म्हणजे एखाद्या इमारतीच्या तळघरात उतरणाऱ्या रॅम्पसारखा, तर हाच जोर २० किलोच्या घरात जातो. पाण्याने भरलेली मोठी बादली दोरीने गाडीला बांधून कठड्यावरून खाली सोडावी, तेवढी ही ओढ असते, आणि ती दिवसभर, रात्रभर चालू राहते. टायर आणि बेअरिंगचं घर्षण त्यातलं थोडं खातं. बाकीचं कोण अडवणार? न्यूट्रलमध्ये मागच्या चाकाचा इंजिनशी संबंध तुटलेला असतो. मोटारीला हँडब्रेक असतो, मोटारसायकलला नसतो. म्हणजे सगळी भिस्त साइड स्टँडवर येते, आणि साइड स्टँड त्या कामासाठी बनवलेलाच नाही.

हा स्टँड कसा चालतो ते कुठल्याही गाडीजवळ उकिडवं बसून बघता येतं. तो पायाने पुढे ढकलला की उघडतो, आणि मागे गेला की मिटतो. पुढच्या बाजूला त्याला एक अडणी असते. त्या अडणीला टेकला की तो आणखी पुढे जात नाही. मागच्या बाजूला अडणी नाही, फक्त स्प्रिंग आहे. आता गाडीचं तोंड उताराकडे असेल आणि गाडी चार बोटं पुढे सरकली, तर स्टँडचा पाय जमिनीवर तिथेच राहतो, गाडी पुढे जाते, म्हणजे गाडीच्या हिशेबाने स्टँड मागे जातो. तो अर्धा मिटला की स्प्रिंग उरलेलं काम करते. गाडी डाव्या अंगावर आडवी. याउलट तोंड चढाकडे असेल आणि गाडी मागे सरकू लागली, तर स्टँड पुढच्या अडणीवर अधिकच घट्ट बसतो. जितका उतार ओढेल तितका तो रुतून उभा राहतो. तोंड चढाकडे का ठेवायचं, याचं कारण एवढंच आणि इतकं साधं आहे. मेन स्टँडलाही हेच लागू आहे. गाडी पुढे ढकलली की ती मेन स्टँडवरून उतरते, हे आपण रोज करतो. तोंड उताराकडे ठेवून मेन स्टँडवर लावली तर ते ढकलण्याचं काम उतार करतो.

‘निघताना सोपं जातं’ हा उताराकडे तोंड करणाऱ्यांचा आवडता मुद्दा. त्याला एक जुना आधार आहे, तोही सांगायला हवा. बॅटरी कमजोर झाली की गाडी उतारावर सोडून दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा आणि चालू करायची, ही सवय कार्ब्युरेटरच्या काळात अनेकांच्या कामी आली. पण एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ चे नियम लागू झाल्यापासून बहुतेक नव्या मोटारसायकली फ्युएल इंजेक्शनच्या आहेत. बॅटरी पार बसली असेल तर त्यांचा पेट्रोलचा पंपच चालत नाही. मग उतारावर कितीही सोडा, गाडी चालू होणार नाही. ज्या सोयीसाठी धोका पत्करायचा ती सोयच बऱ्याच गाड्यांत उरलेली नाही. आणि निघतानाचा त्रास म्हणाल, तर मागचं चाक फुटपाथच्या कडेला आणि पुढचं रस्त्याकडे, चढाच्या अंगाला तिरपं, अशी लावलेली गाडी सरळ पुढे निघते. त्रास असतो तो लावताना, गाडी मागे घेण्यात. अर्ध्या मिनिटाचा तो कंटाळा टाळण्यासाठी लोक गाडी सरळ पुढून घुसवतात आणि त्याला अनुभव म्हणतात.

हँडल लॉकबद्दल फार लिहायची गरज नाही. ते चोरासाठी आहे. त्याने हँडल वळायचं थांबतं, चाकं फिरायची थांबत नाहीत. हँडल लॉक करून न्यूट्रलमध्ये ठेवलेली गाडी सरकते तेव्हा सरळ न जाता गोलाकार जाते, एवढाच फरक. हँडल डावीकडे पूर्ण वळवलेलं असलं की गाडी साइड स्टँडवर जास्त स्थिर बसते हे खरं, म्हणून लॉक जरूर करा. पण त्याला ब्रेक समजू नका.

आता गिअरबॉक्सचा मुद्दा, जो सगळ्यांत जास्त ऐकू येतो आणि सगळ्यांत जास्त चुकीचा आहे. मोटारसायकलच्या गिअरबॉक्समधले दाते कायम एकमेकांत गुंतलेलेच असतात, न्यूट्रलमध्येसुद्धा. गिअर टाकला की एक गिअर त्याच्या शाफ्टशी पक्का जोडला जातो, इतकंच. हीच जोडणी तुम्ही दोघं बसून, डिकीत सामान भरून आंबोलीचा घाट चढता तेव्हा इंजिनाचा सगळा पीळ मागच्या चाकापर्यंत नेते. उभ्या गाडीचा उतारावरचा भार त्या पिळाच्या मानाने अगदीच किरकोळ असतो. रोज तासन्‌तास जो भार ती हसत पेलते, त्याच्या लहानशा तुकड्याने ती रात्रभरात खराब होईल हे कसं शक्य आहे? चारचाकी उतारावर लावताना हँडब्रेकबरोबर गिअरही टाकून ठेवा, असं गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. चारचाकीच्या गिअरबॉक्सचं नुकसान होत नाही, मग दुचाकीच्याच का व्हावं?

गिअरमध्ये ठेवल्यावर गाडी अडते ती इंजिनामुळे. मागचं चाक फिरायचं तर त्याला इंजिनातला पिस्टन हलवावा लागतो, आणि दाबलेल्या हवेविरुद्ध पिस्टन सहज वर जात नाही. पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिनाला सर्वांत जास्त फेरे घ्यावे लागतात, म्हणून पहिलाच गिअर. चौथ्यात टाकून ठेवली तर हीच अडवणूक बरीच कमी होते. एक बारकावा बहुतेकांना माहीत नसतो. इंजिन बंद करून पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, की लगेच स्टँड लावायचा नाही. गाडी हळूच उताराच्या बाजूला जाऊ द्यायची. ती वीतभर सरकेल आणि मग अडेल. पिस्टन दाबाच्या टप्प्यावर आला की ते बसल्या जागी अंगाला कळतं. तिथे मागचं चाक फुटपाथच्या कडेला किंवा दगडाला टेकलेलं असावं. मग स्टँड. हे न करता स्टँड लावला तर गाडी तीच वीतभर नंतर सरकते, तुम्ही पाठ फिरवल्यावर.

गाडी मागे घेतानाही गिअरचा असाच उपयोग होतो. इंजिन बंद, पहिला गिअर, क्लच दाबलेला, आणि उतारावरून गाडी मागे सोडायची. क्लच जरासा सोडला की मागचं चाक आवळतं, दाबला की मोकळं होतं. घाटातल्या बारीक खडीवर नुसता पुढचा ब्रेक धरून मागे येताना पुढचं चाक घसरतं, कारण तोंड चढाकडे असल्यामुळे पुढच्या चाकावर भार कमी असतो. क्लचने मागचं चाक आवळत आलं तर उंचीने कमी असलेला माणूससुद्धा जड गाडी सावकाश, नेमकी हवी तिथे आणतो.

गिअरमध्ये लावण्याला विरोध करणाऱ्यांचा एक आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर होणार नाही. गाडी गिअरमध्ये आहे हे विसरून कुणी चालू केली, तर ती उडी मारते. किक मारली तरी जुन्या गाड्या पुढे हिसका देतात. हे होतं. पण त्यावर उपाय आहे: चालू करण्याआधी क्लच दाबायचा, न्यूट्रलचा हिरवा दिवा बघायचा. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत स्टँड खाली असताना गिअर टाकला तर इंजिन बंद पडतं. पुष्कळ गाड्या क्लच दाबल्याशिवाय गिअरमध्ये चालूच होत नाहीत. विसरण्याची शक्यता म्हणून गिअर टाळायचा, तर उतारावर गाडी सुटण्याची शक्यता त्याहून कितीतरी मोठी आहे, आणि तेव्हा गाडीजवळ कुणी नसतं.

दुसरीकडे, गिअर टाकला म्हणजे काम झालं, असं मानणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. दाबलेली हवा पिस्टनच्या रिंगांमधून हळूहळू निसटते. जुन्या, झिजलेल्या इंजिनात लवकर निसटते. मग गाडी उतारावर आणखी एक टप्पा सरकते. शिवाय क्लचची लिव्हर हँडलवर, हाताशी आहे. गल्लीत लावलेल्या गाडीवर मुलं चढतात. हँडल धरून तोंडाने गाडीचा आवाज काढतात आणि दोन्ही लिव्हर दाबतात. हे आपण सगळ्यांनी लहानपणी केलेलं आहे आणि आजही कुठल्याही वस्तीत दुपारी दिसतं. मुलाने क्लच दाबला त्या क्षणी गिअरचा उपयोग शून्य होतो आणि गाडी न्यूट्रलमध्ये असल्यासारखी मोकळी होते, अंगावर मूल घेऊन. तेव्हा गाडीला अडवतो तो चाकामागचा कठडा आणि अडणीवर बसलेला स्टँड. म्हणून या तीन गोष्टी एकत्रच लागतात: तोंड चढाकडे, पहिला गिअर, चाकाला टेकण. त्यातली एक काढली की सगळी भिस्त उरलेल्या दोन गोष्टींवर येते.

रस्त्याला आडवी गाडी लावणं हा उतारावरचा आणखी एक घोळ. गाडी साइड स्टँडवर डावीकडे झुकते. डावी बाजू उताराकडे आली तर झुकाव प्रमाणाबाहेर जातो. उजवी बाजू उताराकडे आली तर गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का लागला तरी उजव्या अंगाला, जिथे स्टँडच नाही, तिथे कोसळते. वाहनतळावर उताराला आडव्या रेघा मारून रांग लावली की एक गाडी पडताना शेजारची घेऊन पडते आणि अख्खी रांग झोपते. रेघा मारणाऱ्याने उताराची दिशा आधी बघितली असती तर हे टळलं असतं.

स्कूटरवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण त्यांना गिअरचा आधारच नाही. ॲक्टिव्हासारख्या गाडीतला क्लच इंजिनाच्या वेगावर पकड घेतो. इंजिन बंद झालं की पकड सुटते आणि मागचं चाक कायम मोकळं. विजेवरच्या बहुतेक स्कूटरही बंद केल्यावर हाताने सहज ढकलता येतात. अनेक स्कूटरांना डाव्या ब्रेकच्या लिव्हरपाशी छोटा खटका असतो. लिव्हर दाबून तो अडकवला की मागचा ब्रेक धरलेला राहतो. वर्षानुवर्षं स्कूटर चालवून तो खटका कधीही न वापरलेले लोक मला भेटले आहेत. कशासाठी आहे तेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. गाडी विकणाऱ्याने चावी देताना हारतुऱ्यांच्या फोटोबरोबर हे दाखवायला एक मिनिट लागेल. खटका नसेल तर तोंड चढाकडे करून मेन स्टँड, नाहीतर सपाट जागा. तिसरा पर्याय नाही.

पावसाळ्यात जमिनीचाही विचार करावा लागतो. ताम्हिणीत, आंबोलीत धबधब्यापाशी रस्त्याच्या कडेच्या भिजलेल्या मातीत साइड स्टँड हळूहळू रुतत जातो, आणि माणूस भजी खाऊन परत येईपर्यंत गाडी आडवी झालेली असते. मे महिन्यात नव्या डांबरावरही तेच होतं. स्टँडखाली चपटा दगड किंवा फरशीचा तुकडा ठेवा. आणि जाताना तो दगड, तसाच चाकामागचा दगड, उचलून कडेला टाका. रात्री त्याच दगडावरून मागून येणाऱ्याचं चाक जातं.

आता वाहनतळवाल्यांकडे येतो. एका डोंगरावरच्या देवस्थानाखालच्या वाहनतळावर मी गाडी चढाकडे तोंड करून, गिअर टाकून लावली. पावती देणारा मुलगा धावत आला. “दादा, न्यूट्रल करा. हँडल पण लॉक करू नका. आम्हाला गाड्या सरकवाव्या लागतात.” जागा उघड उघड उताराची होती. खालच्या बाजूला प्रसादाची दुकानं, त्यांच्यासमोर फुलं विकायला बसलेल्या बाया. मी नकार दिला तेव्हा तो म्हणाला, “सगळे ठेवतात, तुम्हालाच काय होतंय?” त्या मुलावर माझा राग नाही. कमी जागेत जास्त गाड्या कोंबायच्या असं त्याला ठेकेदाराने सांगितलेलं असतं, आणि गर्दीच्या दिवशी तो एकटा ती कसरत करतो. राग आहे तो उतारावर वाहनतळाचा ठेका देणाऱ्यांवर, आणि पावतीवर ‘आपल्या जबाबदारीवर’ असं छापून मोकळं होणाऱ्यांवर. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायला तुम्ही लावणार, हँडल मोकळं तुम्ही मागणार, मग जबाबदारी माझी कशी? उतारावर वाहनतळ करायचाच असेल तर जमीन टप्प्याटप्प्याने सपाट करा, प्रत्येक रांगेमागे चाक टेकायला ओंडका किंवा सिमेंटची कड घाला. ते परवडत नसेल तर तिथे पैसे घेऊन गाड्या लावून घेऊ नका.

काही वाचक म्हणतील, घाट उतरताना तोंड चढाकडे करायचं तरी कसं? बरोबर आहे. अरुंद रस्त्यावर गाडी उलटी फिरवणं हाच मोठा धोका ठरेल. तिथे उत्तर एकच: सपाट जागा येईपर्यंत थांबू नका. फोटो पुढच्या वळणानंतरही काढता येतो. अगदीच नाइलाज झाला, गाडी बंद पडली, तर पुढचं चाक कडेच्या दगडाला किंवा कठड्याला टेकवा, पहिला गिअर टाका आणि गाडी सोडून लांब जाऊ नका.

आणि हे सगळं माझ्या मनाचे नियम नाहीत. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२६ वाचा. परवानाधारक माणूस चालकाच्या जागेवर बसलेला नसेल, तर सार्वजनिक जागी वाहन उभं ठेवायला त्यात एक अट आहे: इंजिन बंद असलं पाहिजे आणि ब्रेक लावलेला असला पाहिजे, किंवा चालक नसताना वाहन चुकूनही हलणार नाही असा दुसरा उपाय केलेला असला पाहिजे. उतारावर न्यूट्रलमध्ये, मोकळ्या चाकावर सोडलेली गाडी ही अट पाळत नाही. ‘पडली तर पडली’ म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावं की तो फक्त आपल्या आरशाशी खेळत नाही. १९५ किलोची गाडी उतारावरून येऊन शाळेतून परतणाऱ्या पोराच्या पायावर पडली, त्याच्या पोटरीला तापलेला सायलेन्सर चिकटला, तर त्याला नशीब म्हणता येणार नाही. ज्याने गाडी तशी लावली त्याचं ते काम आहे.

लायसन्सच्या परीक्षेत आपण उमेदवाराला मैदानात आठचा आकडा काढायला लावतो. चढावर गाडी लावून दाखव, दोन मिनिटं तिच्यापासून लांब उभा राहा, असंही त्याला सांगायला हवं. परिवहन विभागाने ते करावं. गृहनिर्माण संस्थांच्या समित्यांनी रॅम्पवर दुचाक्या लावू देणं बंद करावं. आणि तुम्हाला उतारावर कुणी न्यूट्रलमध्ये ठेवा म्हणालं, मग तो पावती फाडणारा असो, गॅरेजवाला असो की घरातला वडीलधारा, तर ठाम नाही म्हणा. सपाट जागा मागा. ती नसेल तर गाडी लांब लावा आणि चालत या.